नाइन पॉइंट सिक्स

डोंबिवलीतल्या एका लग्नात आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांनी मठ्ठ्यात कागदाची पट्टी बुडवली आणि नेमकं ते वधूपित्याने पाहिलं. वधूपिता आमच्याच कॉलेजात गणित शिकवायचे. ते हातातलं श्रीखंडाचं पातेलं तसंच घेऊन जवळ आले.

"काय झालं, मठ्ठा बिघडलाय का?"

"नाही. साडेचार आहे. उत्तम."

"मग तपासता कशाला?"

"उत्तम आहे हे तपासल्याशिवाय कसं कळणार?"

वधूपित्याने श्रीखंड न वाढताच पंगत ओलांडली. सरांनी पट्टी रुमालात गुंडाळली, मठ्ठा प्यायला आणि आणखी मागितला. आपण कोणाचा अपमान केला आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. कोणी ते लक्षात आणून दिलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं की साडेचार या आकड्यात अपमान कुठे आहे.

ते कल्याणच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मी तिथे चार वर्षं तासिका तत्त्वावर होतो. पुढे वर्तमानपत्रात गेलो. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'फिकट' म्हणत. प्रयोगशाळेत फिरताना दर टेबलापाशी थांबून ते एकच शब्द उच्चारत, "फिकट. आणखी फिकट," त्यावरून ते नाव पडलं होतं. नाव त्यांना माहीत होतं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे. पीएच पेपरच्या पट्ट्या असत आणि सोबत रंगांचा तक्ता. आकडा सातच्या खाली गेला की आम्ल, वर गेला की अल्क. सही करायची वेळ आली की शेजारच्याचं पेन घेत आणि परत करायला विसरत. शर्टांना पोटाच्या उंचीवर बारीक भोकं पडलेली असत. प्रयोगशाळेच्या ओट्याची कड तिथे लागते आणि कडेवर सांडलेला थेंब नंतर आपलं काम करतो. तशा शर्टात ते समारंभांना जात. घरी ते कधी 'आंबट' म्हणत नसत. लिंबाचं सरबत अडीच, सोलकढी तीनच्या आसपास, पहिल्या दिवशीची इडली चार-साडेचार. अंगाला साबण लावत नसत. "कातडी साडेपाच. साबण नऊ-दहा. मी का रोज सकाळी स्वतःशी भांडू?" असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या आम्हा सहकाऱ्यांकडे उत्तर होतं, पण ते कोणी देत नसे.

माणसांनाही ते असंच मोजत. प्राचार्यांबद्दल मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सात."

"म्हणजे चांगले?"

"सात म्हणजे चांगलं कोणी सांगितलं तुम्हाला? पाणीही सात आणि मिठाचं पाणीही सात. प्यायल्यावर कळतं."

उपप्राचार्यांना ते बफर म्हणत. बफर म्हणजे असं द्रावण, ज्यात थोडं आम्ल घाला किंवा अल्क घाला, त्याचा पीएच हलत नाही. हे वर्णन उपप्राचार्यांच्या कानावर गेलं. त्यांना ते स्तुतीपर वाटलं आणि निरोप समारंभाच्या भाषणात त्यांनी स्वतःच ते वापरलं.

वर्गात पीएच शिकवताना ते सगळ्यात जास्त वेळ एका गोष्टीवर घालवत. सहा आणि पाच यांत फरक एकाचा नाही, दहापटीचा आहे. सहा आणि चार यांत शंभरपटीचा. मुलं वहीत लिहून घेत आणि परीक्षेत बरोबर उत्तर देत. त्यांचं समाधान होत नसे. "तुम्ही पाठ करता. तुम्हाला भीती वाटली पाहिजे," ते म्हणत. "थोडंसं चुकलं, हे वाक्य या विषयात नाही."

मी वर्तमानपत्रात लागलो त्यानंतरची गोष्ट. कल्याण-शीळ रस्त्यावर एक टँकर कलंडला. आमच्या अंकात मथळा आला, ॲसिडची गळती. सकाळी त्यांचा फोन आला.

"बातमी तुमची?"

"माझ्या सहकाऱ्याची. का सर?"

"ते कॉस्टिक होतं. अल्क. तुमच्या बातमीत खाली तसं लिहिलंय, आणि वर ॲसिड."

"लोकांना समजावं म्हणून सर. भाजणारं ते ॲसिड, असं लोक—"

"लोकांना काय समजलं? ॲसिडवर सोडा टाकायचा असतो, असं लोकांना वाटतं. तुमचा मथळा वाचून त्या ड्रायव्हरच्या हातावर कोणी सोडा चोळला असता तर? दोन्हीवर नुसतं पाणी ओतायचं असतं, भरपूर, पण ते कोण सांगणार? तुम्ही तर समजावताय."

दुसऱ्या दिवशी आम्ही आतल्या पानावर दुरुस्ती छापली. त्यांचा पुन्हा फोन आला. मथळा चार स्तंभी होता आणि दुरुस्ती तीन ओळींची. हे समीकरण जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. संपादकांना मी ते सांगितलं. संपादक म्हणाले, त्या माणसाचा नंबर सेव्ह करून ठेव, म्हणजे उचलायचा नाही हे कळेल.

ते ठाकुर्लीला राहत, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर. घरात पत्नी आणि एक मुलगी. स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बाटल्यांची रांग होती. जास्वंदीचं पाणी, कोकमाचं, लाल कोबीचं, हळदीचं. मुलगी लहान असताना त्यांनी तिला ही खेळणी दिली होती. हळदीच्या पाण्यात साबणाचा थेंब पडला की ते तांबडं होतं आणि लिंबू पिळलं की परत पिवळं, हे तिला शाळेत जाण्याआधी माहीत होतं. त्यांच्या पत्नी, काकू, एकदा मला म्हणाल्या होत्या, "दुसऱ्यांच्या पोरी भातुकली खेळायच्या. आमची भात नासवायची."

त्या घरात मी पाहिलेला एक प्रसंग सांगणं आवश्यक आहे. ते मला टायट्रेशन शिकवत होते. मी एम.एस्सी. होतो आणि कॉलेजात टायट्रेशन शिकवतही होतो, पण माझा हात त्यांना पसंत नव्हता. टायट्रेशन म्हणजे मोजणी. खाली चंबूत मोजून घेतलेलं आम्ल आणि त्यात दर्शकाचे, म्हणजे रंग बदलून दाखवणाऱ्या इंडिकेटरचे, दोन थेंब. वर ब्युरेट, म्हणजे आकडे कोरलेली उभी नळी, तिच्यात ठरावीक ताकदीचं अल्क. नळीची तोटी किंचित उघडून थेंब थेंब सोडत जायचं. आम्ल संपलं की पुढच्या एका थेंबाला चंबूतलं पाणी गुलाबी होतं. तिथे थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. जितकं अल्क लागलं त्यावरून आम्ल किती होतं ते कळतं. सगळं कौशल्य थांबण्यात आहे. एक थेंब जास्त पडला की रंग गडद होतो आणि आकडा खोटा होतो.

"गुलाबी नको," ते मला सांगत होते. "गुलाबी आहे की नाही, असा प्रश्न पडला पाहिजे. तो प्रश्न अर्धा मिनिट टिकला पाहिजे. पुढे हवेने रंग गेला तरी चालेल."

मी चंबू पांढऱ्या कागदावर धरून फिरवत होतो. थेंब सोडला. मला काही दिसलं नाही. त्यांनाही दिसलं नसावं, कारण ते वाकून बघत राहिले. मी पुढचा थेंब सोडायला तोटीला हात लावला, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"बाबा, झालंय ते. थांबवा त्यांना."

मुलगी तेव्हा अकरावीत असेल. हातात चहाचे कप होते. तिने लांबून, उभ्या उभ्या पाहिलं होतं. त्यांनी चंबू खिडकीपाशी नेला, उजेडात धरला आणि फिरवून पाहिला. मग म्हणाले, "झालंय." त्यांना इतकं खूश झालेलं मी त्यानंतर पाहिलं नाही. त्या आनंदात त्यांनी चहा न तपासता प्यायला.

बारावीनंतर मुलीने आमच्याच कॉलेजात रसायनशास्त्राला प्रवेश घेतला. ठाण्याला मिळत होता. काकूंचं मत ठाण्याला जावं असं होतं. "घरी बाप आणि वर्गातही बाप, पोरीला श्वास कुठे?" त्या म्हणाल्या. ते म्हणाले, वर्गात मी कोणाचा बाप नसतो. ते खरंही होतं, आणि कोणाला पटणारं नव्हतं. तिला चांगले गुण पडले की कॅन्टीनमध्ये बोललं जाई, घरूनच आलं असेल. गुण कमी पडले की, दाखवायला कमी दिले. ती चहा घ्यायला आली की एखादा ओरडे, "अरे, सरका रे, पेपर सेटर आले." ती हसायची. तिचं हसणं शिकून घेतल्यासारखं होतं.

आता तिच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षेबद्दल. तेव्हा मी तिथे होतो. वर्तमानपत्रात जाण्याआधीचा माझा तो शेवटचा काळ.

कॉलेजांमध्ये प्रॅक्टिकल परीक्षेची एक रीत असते, जी कुठे लिहिलेली नसते. परीक्षेला आम्लाचं एकच द्रावण बनवलं जातं आणि सकाळ-दुपारच्या सगळ्या तुकड्यांना तेच देतात. सकाळची तुकडी बाहेर पडते ती आकडा घेऊनच. तो कॅन्टीनमध्ये पोहोचतो, ग्रुपवर पडतो. दुपारची तुकडी ब्युरेट लावते, अल्क त्या आकड्यापर्यंत सोडते, थांबते आणि लिहिते. तीन वेळा तोच आकडा आला की त्याला सीबीआर म्हणतात, कायम रीडिंग. त्या आकड्याला गुण असतात. शिक्षकांना हे माहीत असतं. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना माहीत असतं, कारण त्यांच्या कॉलेजात तेच चालतं. आमच्या प्रयोगशाळेतले मामा तर आकडा विचारायला आलेल्याला म्हणत, "मला कशाला विचारता रे, फोन बघा की."

फिकट सरांनी वर्षानुवर्षं या रीतीबद्दल तक्रार केली होती. बैठकीत मुद्दा निघाला की उपप्राचार्य म्हणत, पुढच्या वर्षी बघू.

त्या वर्षी मुलगी दुसऱ्या वर्षाला होती, दुपारच्या तुकडीत. परीक्षेआधी ते प्राचार्यांकडे गेले आणि म्हणाले, तुकडीत माझी मुलगी आहे, दुसरा परीक्षक नेमा. प्राचार्य हसले. "अहो सर, तुमच्यावर कोण शंका घेणार?" विषय तिथे संपला.

सकाळच्या तुकडीचं रीडिंग होतं नाइन पॉइंट सिक्स. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते एकटे प्रयोगशाळेत गेले आणि सगळ्या टेबलांवरच्या बाटल्यांतलं आम्ल बदलून आले. नवं आम्ल जास्त ताकदीचं होतं. त्याचं खरं रीडिंग बारा पॉइंट चार. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही आणि घरीही नाही.

दुपारी मी देखरेखीला होतो. अर्ध्या तासात तक्रारी सुरू झाल्या.

"सर, कलर येत नाहीये."

"पुढे जा की. येईल."

"नाही सर, झालंय रीडिंग. कलरच येत नाही."

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. मी दोघा-तिघांना पुढे जायला सांगितलं. ते पुढे गेले नाहीत. ब्युरेटमध्ये पुढे भरपूर अल्क होतं, तोटी हाताशी होती, पण नऊ पॉइंट सहाच्या पलीकडे कोणी एक थेंब सोडला नाही. दर्शक खराब आहे, असं सर्वानुमते ठरलं. मामांकडून दर्शकाची बाटली मागवून चंबूत आणखी थेंब टाकण्यात आले. बाहेरचे परीक्षक एक फेरी मारून गेले. तेही म्हणाले, "इंडिकेटर जुना असेल. लिहा, लिहा." पाणी बिनरंगी ते बिनरंगीच राहिलं आणि सगळ्यांनी लिहिलं, रंगबदल, रंगहीन ते फिकट गुलाबी.

ते खिडकीपाशी उभे होते. सगळं ऐकत होते.

मुलगी शेवटच्या ओट्यावर होती. तिने तक्रार केली नाही. काम करून, भांडी धुऊन, पेपर देऊन ती सगळ्यांच्या आधी बाहेर पडली.

पेपर तपासायला आम्ही दोघं बसलो. त्यांनी माझं लाल पेन घेतलं. नऊ पॉइंट सहा, शून्य. नऊ पॉइंट सहा, शून्य. ते घाई करत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अनेक वर्षं मांडलेलं गणित अखेर सुटताना बघावं तसे ते बघत होते. मग एका पेपरापाशी थांबले. अक्षर मी ओळखलं. पेपर मला देऊन ते म्हणाले, "रीडिंग वाचा."

मी वाचलं. "नऊ सहा, नऊ सहा, नऊ सहा. सीबीआर नऊ पॉइंट सहा."

"परत वाचा."

मी परत वाचलं. त्यांनी पेपर घेतला, शून्य दिलं आणि पुढचा उचलला. सगळ्या तुकडीत एकाचंही रीडिंग बारा पॉइंट चार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. सगळी तुकडी नापास होणं कॉलेजला परवडणारं नव्हतं. पालक आले होते आणि त्यांतल्या एकाचं शहरात वजन होतं.

"इंडिकेटर खराब होता, असं नोंदवू," प्राचार्य म्हणाले.

"इंडिकेटर मी बनवला होता."

"सोल्यूशन बदललंय हे मुलांना सांगितलं होतं का?"

"चंबूने सांगितलं होतं."

उपप्राचार्य मध्ये पडले. "सर, मुद्दा तुमचा बरोबर आहे. पण वेळ चुकली."

बाहेरच्या परीक्षकांची सही घेऊन सगळ्यांना रीतीचे गुण द्यायचं ठरलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बाकीच्यांचं तुम्ही ठरवा. एक पेपर मी बदलू देणार नाही."

"अहो सर, ती तुमची मुलगी आहे."

"म्हणूनच."

"नियमाप्रमाणे तुम्ही तिचा पेपर तपासूच शकत नाही."

"तेच मी आधी सांगायला आलो होतो. तेव्हा तुम्ही हसलात."

प्राचार्यांनी प्रकरण वाढवलं नाही. निकाल लागला. ज्यांनी रंग पाहिला नव्हता ते सगळे पास झाले. त्या तुकडीत एकाच विद्यार्थिनीला प्रॅक्टिकलमध्ये एटीकेटी लागली. स्टाफरूममध्ये काही जण म्हणाले, याला म्हणतात तत्त्व. काही म्हणाले, मुलीच्या जिवावर मिरवतोय. ते दोन्हींकडे लक्ष देत नव्हते. ज्यांचे गुण वाढवले त्यांच्याशी त्यांचं वागणं पूर्वीसारखंच राहिलं. प्रयोगशाळेत फिरत, टेबलांशी थांबत, फिकट म्हणत. फक्त शेवटच्या ओट्यापाशी थांबणं बंद झालं.

मुलीने ती परीक्षा पुन्हा दिली, पदवी घेतली आणि रसायनशास्त्र सोडलं. घरी भांडण झालं नाही. काकूंच्या शब्दांत, "दोघं बोलतात. गॅसवाला आलेला का, पंखा बंद कर. एवढंच." पुढे तिने ठाण्यात खोली घेतली आणि रविवारी घरी येऊ लागली. ते निवृत्त झाले. खिडकीतल्या बाटल्या काकूंनी एक दिवस धुऊन भंगारात दिल्या. त्यांनी विचारलं नाही.

गेल्या वर्षी एका बातमीसाठी मी माजिवड्याला गेलो होतो. रस्त्याच्या कामाची बातमी होती. तिथल्या एका इमारतीत मुलगी विमा कंपनीत नोकरी करते. तिने मला रस्त्यावर ओळखलं. आम्ही टपरीवर चहा घेतला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने स्वतःच विषय काढला.

"सर, तुम्ही होतात ना त्या दिवशी. ट्वेल्व्ह पॉइंट फोर आलेलं मला. तीनदा."

मी तिच्याकडे पाहिलं.

"पहिल्यांदा वाटलं, माझंच चुकतंय. नऊ सहाला थांबले, तर काहीच नाही. म्हटलं जाऊ दे पुढे. बाराच्या पुढे जाऊन आला कलर. एकदम बाबांना हवा तसा. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. मग कळलं, यांनी बदललंय."

"मग लिहिलं का नाहीस?"

"शेजारच्या ओट्यावरचा म्हणाला, 'तुझं काय ब्वा, तुला तर घरूनच आलं असेल.' दर वेळी म्हणायचे तसंच. त्याला काही माहीत नव्हतं. पण मी विचार केला, आख्ख्या बॅचचं नऊ सहा आणि माझं एकटीचं बारा चार. आणि नंतर कळणार की बाबांनी गुपचूप बदललं होतं. कोणी विश्वास ठेवला असता, की मी ते चंबूत बघितलं? मला पुढचं वर्ष त्यांच्यातच काढायचं होतं, सर. लिहिलं नऊ सहा."

"सरांना हे सांगितलं नाहीस?"

"त्यांनी विचारलं नाही. शून्य का दिलं ते नीट समजावलं. नऊ सहा का लिहिलं, ते नाही विचारलं."

"आता सांग."

"आता कसं सांगू? जेवताना? बाबा, भाजी घ्या, आणि हो, ते बारा चारच होतं?" ती हसली. हे हसणं तिचं स्वतःचं होतं. मग कप बाजूला ठेवून म्हणाली, "त्यांना वाटतं, मला दिसलंच नाही. लहानपणापासून शिकवलं ते सगळं फुकट गेलं असं वाटतं त्यांना. मला दिसलं होतं, एवढं जरी कळलं ना..."

मी विचारलं, मी सांगू का. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "बघा. तुम्हाला कधी जमलं तर."

मी पुढच्याच आठवड्यात ठाकुर्लीला गेलो. ते थकले होते. शर्ट चांगला होता, भोकं नव्हती. काकू शेंगा सोलत बसल्या होत्या. मी फार प्रस्तावना केली नाही. तिला त्या दिवशी बारा पॉइंट चार मिळालं होतं, एवढं आधी सांगितलं.

ते पुढे सरकून बसले. "किती वेळा?"

"तीन वेळा."

"तिन्ही सारखी?"

"तिन्ही सारखी. शेड तुम्हाला हवी तशी, असं म्हणाली."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी समाधान समजलो. काकूंनीही समजलं असावं, कारण त्यांचे हात थांबले. मग मी उरलेलं सांगितलं. शेजारच्या मुलाचं बोलणं, तिने केलेला विचार, पुढचं वर्ष. मी बोलायचं थांबलो तेव्हा ते माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत होते.

"म्हणजे तिला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो सर. तिला दिसलं होतं."

"बाकीच्या पोरांना दिसलं नव्हतं. त्यांनी पाहिलंच नाही. ज्याने पाहिलं नाही त्याला मी शून्य देतो, पण त्याच्यावर रागवत नाही. हिने पाहिलं. तीन वेळा खात्री केली. आणि मग खोटं लिहिलं." ते थांबले. "इतकी वर्षं मी समजत होतो, तिची चूक झाली."

काकू म्हणाल्या, "अहो, वीस वर्षांची पोर होती ती. तुमच्यामुळे बोलायचे तिला."

"मी होतो म्हणून खोटं लिहायचं?"

"तुम्ही होता म्हणूनच."

त्यांनी मला विचारलं की शहराच्या पाणीपुरवठ्याच्या बातम्या आता कोण लिहितं, कारण त्यांत चुका असतात. मी नाव सांगितलं. मग निघालो.

काकू मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. दार त्यांनी मागे ओढून घेतलं होतं.

"तुम्ही ह्यांना सांगितलंत, हे तिला कळू देऊ नका."

"काकू, ती विचारेल."

"म्हणा, अजून जमलं नाही." त्या हळू बोलत होत्या. "रविवारी येते ना, तेव्हा स्वयंपाकघरात मला म्हणते, आई, एक दिवस बाबांना कळेल, मग बघ. त्यावरच येते ती. तेवढं राहू द्या तिचं."

त्यानंतर तिने मला दोनदा विचारलं. अजून जमलं नाही, असं मी दोन्ही वेळा सांगितलं.